एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम बरे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या श्रवणकक्षाविषयी नुकताच आलेला लेख आस्थेने वाचला. जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत नवे घर बांधताना एखादी खोली केवळ गाणे ऐकण्यासाठी आणि चित्रपट पाहण्यासाठी राखून ठेवणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत, आणि मराठी वृत्तपत्राने या विषयाला जागा द्यावी याचे समाधान वाटते. पडदे, गालिचे आणि मुख्य स्पीकरांची मांडणी यांविषयी लेखात जे सांगितले आहे त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र ऐपतीप्रमाणे जास्तीत जास्त मोठा असा एक सबवूफर (केवळ खालच्या पट्टीतला आवाज काढणारा स्पीकर) घ्यावा, तो कोपऱ्यात ठेवावा आणि उरलेले काम इक्वलायझरवर (ठराविक कंपनसंख्यांचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीवर) सोपवावे, हा जो सल्ला बेसच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाच्या, संदर्भात दिला आहे, त्याने वाचकांचा पैसा नको तिथे खर्च होईल असे मला वाटते. तेवढ्याच खर्चात दोन मध्यम आकाराचे सबवूफर घेऊन ते विचारपूर्वक ठेवले, तर खोलीतल्या सगळ्या आसनांवर बेस बराच सारखा ऐकू येतो. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे आणि ते वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडच्या बंगल्यात किंवा रो-हाऊसमध्ये अशा कामासाठी मिळणारी खोली पुष्कळदा साडेसोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे ढोबळमानाने ५ मीटर, ३.६५ मीटर आणि ३ मीटर अशी असते. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे या खोलीच्या लांबीपेक्षाही कितीतरी जास्त. असा ध्वनी खोलीत किरणासारखा एका दिशेने जात नाही. समोरासमोरच्या भिंतींवरून परत फिरलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि ठराविक कंपनसंख्यांना स्थिर तरंग, म्हणजेच खोलीचे अनुनाद, तयार होतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला आणि त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागले, की त्या दिशेच्या पहिल्या अनुनादाची कंपनसंख्या मिळते. वरील खोलीत ती लांबीच्या दिशेने साडेचौतीस, रुंदीच्या दिशेने सत्तेचाळीस आणि उंचीच्या दिशेने साडेसत्तावन हर्ट्झच्या आसपास येते, आणि यांच्या दुपटी-तिपटींनाही असेच अनुनाद असतात. भिंतीपाशी ध्वनिदाब सर्वाधिक असतो. पहिल्या अनुनादाचा निस्पंद, म्हणजे जिथे तो स्वर जवळजवळ नाहीसाच होतो ती जागा, खोलीच्या बरोबर मध्यावर असते. दुसऱ्या अनुनादाचे निस्पंद दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर असतात. त्यामुळे मधोमध बसलेल्याला साडेचौतीस हर्ट्झ ऐकू येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर (आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवलेलाच असतो) सगळेच घुमते. एकाच खोलीतल्या दोन आसनांमध्ये एखाद्या कंपनसंख्येला दहा-पंधरा डेसिबेलचा फरक पडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. शिवाय इतक्या खालच्या पट्टीत कानाची जाण अशी आहे, की सहा-सात डेसिबेलचा चढउतारही मधल्या पट्टीतल्या दहा डेसिबेलच्या चढउताराएवढा जाणवतो.

हा सगळा खटाटोप केवळ चित्रपटांतल्या स्फोटांसाठी आहे, असा समज लेख वाचून होण्याची शक्यता आहे. मला तो मान्य नाही, कारण शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याचे यात अधिक नुकसान होते. काळी एक या स्वरात गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्यातल्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे ६९.३ हर्ट्झचा. आपल्या पाच मीटर लांबीच्या खोलीचा लांबीच्या दिशेचा दुसरा अनुनाद ६९ हर्ट्झवरच येतो. म्हणजे मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर खुर्ची ठेवली, की खर्जाच्या तारेचा पाया निघून जातो आणि खोलीच्या मध्यावर नेली, की तोच पाया अकारण फुगतो. तानपुऱ्याच्या नादात वरच्या स्वरांशांचा भाग मोठा असल्याने सूर ओळखण्यात अडचण येत नाही. हरवते ते त्याचे वजन. तबल्याच्या डग्ग्याचे तर याहून स्पष्ट आहे. वादक तळव्याचा दाब बदलून घिस्सा काढतो तेव्हा स्वर खालून वर सलग सरकत जातो, आणि एकाच सबवूफरच्या खोलीत तो सरकता नाद मध्येच एका ठिकाणी उसळतो, पुढे गडप होतो आणि पुन्हा वर येतो. पुष्कळ श्रोते याचे खापर ध्वनिमुद्रणावर फोडतात.

आता इक्वलायझरविषयी. जिथे स्वर फुगला आहे तिथे तो कमी करण्याचे काम इक्वलायझर चांगले करतो आणि त्यासाठी तो वापरावाच. जिथे स्वर निस्पंदामुळे नाहीसा झाला आहे तिथे मात्र तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण तुम्ही जेवढा आवाज वाढवाल तेवढेच भिंतीवरून परत येऊन त्याला खोडून काढणारे तरंगही वाढतात. दहा डेसिबेल भर घालायची म्हणजे अॅम्प्लिफायरकडून दसपट शक्ती मागायची, पंधरा डेसिबेलसाठी तीसपटीहून अधिक. एवढे करून त्या खुर्चीवर किंचित फरक पडतो आणि भिंतीजवळ बसलेल्या माणसाच्या छातीवर दणका बसतो. शिवाय इक्वलायझरची दुरुस्ती सबवूफरच्या एकूण आवाजाला लागू होते. दोन खुर्च्यांमधला फरक त्याने मिटत नाही, तो तसाच राहून फक्त वरखाली सरकतो.

आसनाआसनांतला हा फरक कमी करायचा, तर अनुनादाला मुळातच कमी चेतवावे लागते. झोपाळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसे उभी राहिली आणि त्यांनी एकाच क्षणी सारख्याच जोराने तो एकमेकांकडे ढकलला, तर झोपाळा हलत नाही. समोरच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर दुसरा सबवूफर ठेवून दोघांना एकच संकेत दिला, की लांबीच्या पहिल्या अनुनादाचे हेच होते, कारण त्या अनुनादात दोन टोकांचा दाब एकमेकांच्या उलट असतो. भिंतीचा मध्य हा रुंदीच्या पहिल्या अनुनादाचा निस्पंद असल्यामुळे तिथून तो अनुनादही चेतवला जात नाही. केवळ जागांची निवड करून साडेचौतीस आणि सत्तेचाळीस हर्ट्झच्या दोन्ही मोठ्या तक्रारी बऱ्याच निवळतात, आणि त्या एका खुर्चीपुरत्या न निवळता सबंध खोलीत निवळतात.

या मांडणीने ६९ हर्ट्झचा प्रश्न मात्र सुटत नाही. दुसऱ्या अनुनादात दोन्ही टोकांचा दाब एकाच दिशेने असतो, त्यामुळे समोरासमोरचे सबवूफर त्याला कमी करण्याऐवजी अधिकच जोर देतात. म्हणून ज्यांचे ऐकणे मुख्यतः गाण्याचे आहे त्यांना मी निराळी जोडी सुचवतो: एक सबवूफर डाव्या भिंतीला, समोरच्या टोकापासून लांबीच्या पाव अंतरावर, दुसरा उजव्या भिंतीला, मागच्या टोकापासून पाव अंतरावर. या जागांवरून लांबीचा पहिला आणि तिसरा अनुनाद परस्परांत खोडला जातो, दुसरा चेतवलाच जात नाही, आणि दोन्ही सबवूफर समोरासमोरच्या बाजूभिंतींना असल्यामुळे रुंदीचा पहिला अनुनादही खोडला जातो. लांबी-रुंदी मिळून होणारा साडेअठ्ठावन हर्ट्झचा तिरकस अनुनाद तेवढा शिल्लक राहतो, पण त्याचा निस्पंद रुंदीच्या मध्यावर असल्याने मधल्या खुर्चीवर त्याचा त्रास होत नाही. बाजूच्या खुर्च्यांवर थोडा होतो. डावीउजवीकडे असे वेडेवाकडे ठेवलेले खोके घरातल्या मंडळींना बघवत नाहीत, ही अडचण मला ठाऊक आहे. त्यावर टेबल म्हणून फुलदाणी ठेवण्याचा तोडगा मात्र कुणी काढू नये, ती खडखडते.

सबवूफर किती असावेत, याचा पद्धतशीर अभ्यास हर्मन इंटरनॅशनल या कंपनीत टॉड वेल्टी यांनी केला आणि २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडला. आयताकृती खोलीत सबवूफरांची संख्या आणि जागा बदलत त्यांनी आसनाआसनांतला फरक मोजला, तेव्हा चारांच्या पुढे संख्या वाढवून फारसा लाभ होत नाही आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सबवूफरही पुष्कळ काम करून जातात, असे दिसले. चारही भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला, तर समोरच्या-मागच्या जोडीने चेतवलेला ६९ हर्ट्झचा दुसरा अनुनाद बाजूच्या जोडीच्या उलट दाबाने खोडला जातो. वर सांगितलेला तिरकस अनुनादही तिथून चेतवला जात नाही. चार कोपऱ्यांत चार ठेवले, तर खालच्या पट्टीत आवाज अधिक मिळतो, पण समतोल थोडा कमी. ज्याला चित्रपटांसाठी जोर हवा त्याने कोपरे निवडावेत, गाणे ऐकणाऱ्याने भिंतींचे मध्य. पुढे २००६ मध्ये वेल्टी आणि अॅलन डेव्हांटियर यांनी प्रत्येक सबवूफरचा आवाज, विलंब आणि इक्वलायझर स्वतंत्रपणे ठरवून हा फरक आणखी कमी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज बाजारात मिळणाऱ्या काही महागड्या रिसीव्हरांत आणि प्रोसेसरांत जी अनेक सबवूफर जुळवण्याची सोय असते, तिच्यामागे याच प्रकारचा विचार आहे.

या अभ्यासाकडे खान्देशातल्या वाचकाने अधिक गांभीर्याने पाहावे, असे मला दोन कारणांनी वाटते. अमेरिकेतली बहुतेक घरे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली असतात. असे पत्रे बेसच्या दाबाने किंचित लवतात आणि लवताना थोडी ऊर्जा खातात. आपल्या विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचा स्लॅब काहीच लवत नाहीत. त्यामुळे इथले अनुनाद अधिक उंच, अधिक टोकदार आणि अधिक वेळ रेंगाळणारे असतात, आणि तिकडच्या मंडळींना एका सबवूफरवर जेवढे भागवता येते तेवढे आपल्याला येत नाही.

दुसरे कारण आपल्या हवेचे आहे. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. हिवाळ्याच्या रात्री खोलीत १८ अंश असताना तो सेकंदाला सुमारे ३४२ मीटर असतो, तर मे महिन्यात कूलर असूनही खोली ४० अंशांवर गेली की सुमारे ३५५. आपल्या उदाहरणातला दुसरा अनुनाद त्यामुळे साडेअडुसष्टांच्या खालून एकाहत्तर हर्ट्झपर्यंत सरकतो. फरक अडीच हर्ट्झचा, म्हणून तो क्षुल्लक वाटेल. पण टणक भिंतींच्या खोलीत अशा अनुनादाची रुंदीच दोन-तीन हर्ट्झ असते. त्यामुळे जानेवारीत मोजून बसवलेली इक्वलायझरची अरुंद खाच मे महिन्यात बाजूला पडते आणि फुगवटा तसाच राहतो. याउलट, जागेच्या निवडीने होणारी खोडणी तापमानावर अवलंबून नाही, कारण खोलीचा मध्य आणि पाव अंतर उन्हाळ्यातही तिथेच असते. खोलीला वातानुकूलन असेल तर हा मुद्दा गौण ठरतो, हे खरे. पण वीज जाण्याचे प्रमाण आणि विजेचे बिल पाहता आपल्याकडे बरेच लोक कूलरवरच भागवतात.

कापूसपट्ट्यात राहत असल्यामुळे की काय, गाद्या भिंतीला उभ्या करून बेस आवरण्याचा उपाय आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. त्याने टाळीचा घुमारा कमी होतो आणि बोलणे स्वच्छ ऐकू येते, पण ४० हर्ट्झला काहीच होत नाही. सच्छिद्र वस्तू ध्वनी शोषते ती हवेच्या कणांची हालचाल अडवून, आणि ती हालचाल भिंतीपाशी सर्वांत कमी, तर भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वांत अधिक असते. ४० हर्ट्झसाठी ते अंतर दोन मीटरांहून अधिक आहे. चार-सहा इंचांच्या गादीकडून अपेक्षा तरी किती करायची? त्या मानाने दुसरा सबवूफर खोलीतली फारच थोडी जागा घेतो.

प्रत्यक्ष मांडणी करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. शक्यतो दोन्ही सबवूफर एकाच प्रकारचे असावेत. एक बंद पेटीचा आणि दुसरा छिद्राचा घेतला, तर खालच्या पट्टीत त्यांचे फेज, म्हणजे लहरींच्या चढउतारांच्या वेळा, जुळत नाहीत आणि वर सांगितलेली खोडणी बिघडते. दोघांचा आवाज मोजून सारखा करावा. दुसरा जोडल्यावर एकूण पातळी वाढते, म्हणून दोघांचाही आवाज खाली आणावा लागतो; विक्रेते हे सहसा सांगत नाहीत, आणि ग्राहकही वाढलेल्या दणक्यावर खूश होऊन घरी जातो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या कंपनसंख्येच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झच्या वर नेऊ नये, कारण त्याच्या वर सबवूफरची दिशा कानाला कळू लागते आणि मागच्या भिंतीचा सबवूफर पाठीमागून बोलल्यासारखा वाटतो. भिंतीच्या मध्यावर ठेवलेल्या सबवूफरांचा एकूण जोर कोपऱ्यातल्यांपेक्षा कमी पडतो, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असावे. उंचीच्या दिशेचा अनुनाद या मांडणीत तसाच राहतो, कारण सगळे सबवूफर जमिनीवरच असतात. एखादा भक्कम स्टँडवर अर्ध्या उंचीपर्यंत उचलता आला, तर त्याचाही जोर कमी होतो.

ज्यांचा हॉल स्वयंपाकघराला किंवा जिन्याला उघडा आहे, म्हणजे आयताकृती नाही, त्यांना मध्य आणि पाव अंतराचे हे गणित जसेच्या तसे लागू पडणार नाही. अर्ल गेडेस यांच्यासारख्या तज्ज्ञांनी अशा खोल्यांसाठी तीन किंवा अधिक सबवूफर एकमेकांपासून दूर आणि मुद्दाम विषम जागी ठेवण्याचा पुरस्कार केला आहे. जागा शोधण्याची एक जुनी युक्तीही इथे उपयोगी पडते. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, डग्ग्याचे किंवा बेस गिटारचे संथ ध्वनिमुद्रण लावावे आणि भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील ती जागा हेरावी. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. घरात लहान मुले असतील तर तीही मागोमाग रांगू लागतात, तेवढी तयारी ठेवावी. त्याहून खात्रीचा मार्ग मोजमापाचा आहे. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि लॅपटॉपला जोडण्याचा मोजणीचा यूएसबी माइक सबवूफरच्या मानाने स्वस्त असतो. एका खुर्चीवर मोजून थांबू नये. सगळ्या आसनांवर मोजावे, कारण आपला प्रश्न आसनाआसनांतल्या फरकाचा आहे. मोबाइलवरच्या आवाज मोजण्याच्या अॅपवर यासाठी विसंबू नये. अनेक फोनचे माइक खालच्या पट्टीतला आवाज कापतात, आणि अॅप ‘ए’ मापावर असेल तर ५० हर्ट्झचा स्वर ते मुळातच ३० डेसिबेलने कमी दाखवते.

खर्चाचा हिशेब मी जाणूनबुजून रुपयांत देत नाही, कारण भाव सतत बदलतात. पण दहा इंची दोन सबवूफरांच्या पडद्यांचे क्षेत्रफळ एका चौदा इंची सबवूफरएवढे भरते, हे लक्षात घेतले तर दोन घेताना आपण ताकदीत फार काही गमावत नाही. ज्यांच्याकडे आज एक सबवूफर आहे त्यांनी तो विकून मोठा घेण्याऐवजी त्याच प्रकारचा दुसरा मिळतो का ते आधी पाहावे, आणि विकत घेण्यापूर्वी मित्राचा आठवडाभर उसना आणून वर सांगितलेल्या दोन जागांवर ऐकून पाहावे. आपल्या शहरांतल्या विक्रेत्यांनीही दुकानातल्या ऐकवण्याच्या खोलीत एका जोडीची मांडणी कायम ठेवली, आणि ग्राहकाला एकाच खुर्चीवर न बसवता त्या खोलीत फिरू दिले, तर बरे होईल.

आपल्या पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असल्याचे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. त्या भागासोबत आयताकृती खोलीचा एक नकाशा छापून त्यावर भिंतींचे मध्य, पाव अंतराच्या जागा आणि निस्पंदाच्या रेषा दाखवाव्यात, अशी विनंती आहे. नकाशासाठी लागणारी मापे आणि गणिते मी आनंदाने पाठवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, भुसावळ